दोन टिंबं

खालून सातव्या आणि आठव्या पानाच्या मधलं अंतर अकरा मिलिमीटर भरलं. तिने पट्टी उचलली, पुन्हा खोडाला लावली आणि या वेळी डोळा अगदी पट्टीच्या समोर आणून वाचलं. अकराच. तिरकं पाहिलं की साडेअकरा दिसतं, आणि माणसं बहुतेक गोष्टी तिरक्याच पाहतात, असा तिचा बावीस वर्षांचा अनुभव होता. तिने वहीत पेन्सिलीने अकरा लिहिलं. शेजारी, तेवढ्याच बादलीत, तेवढ्याच मातीत वाढवलेल्या साध्या अंजिराच्या त्याच पेराचं माप होतं त्रेचाळीस.

गॅलरीत अशा नऊ बादल्या होत्या. सगळ्या रंगाच्या, रिकाम्या झालेल्या, बुडाला भोकं पाडलेल्या. आठांत गुडघ्याएवढी अंजिराची झाडं होती, नवव्या बादलीत ते साधं, कठड्यावरून बाहेर डोकावणारं. कामावर जायच्या आधी अर्धा तास ती इथे घालवायची. दर सोमवारी प्रत्येक बादली पाव वळसा फिरवायची, म्हणजे ऊन सगळीकडून सारखं लागावं. पाणी बुडातून ठिबकेपर्यंत घालायचं, मग बोट दोन पेरं आत जाईल तेवढी माती कोरडी होईपर्यंत हात लावायचा नाही. दर दोन वर्षांनी झाड उपटून मुळांचा बाहेरचा थर छाटायचा आणि त्याच बादलीत परत लावायचं.

नर्सरीत तिला सगळे पट्टीताई म्हणत. एप्रनच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असायचीच. कोणी म्हणालं, रोप बरंच वाढलंय, की ही विचारायची, बरंच म्हणजे किती? रोपांवर देखरेख करणं आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रोपाच्या जातीची खात्री देऊन सही करणं, हे तिचं काम. त्या सहीवर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

या बुटक्या झाडाची गोष्ट सहा वर्षांपूर्वी सुरू झाली, तीही चुकून. नर्सरीत लिंबाचं एक रोप कलत होतं. कोणीतरी कचऱ्याच्या ढिगातून एक वाळकी काडी उचलली आणि टेकू म्हणून शेजारी खोचली. लिंबू मेलं. तीन आठवड्यांनी टेकूला पान फुटलं. कलमं बांधणारे काका, जे नर्सरीत तिच्याही आधीपासून होते, ते म्हणाले, "बघा, मालक मेला आणि चाकराने घर बळकावलं."

पान अंजिराचं होतं एवढं नक्की. कोणत्या अंजिराचं, ते कोणालाच माहीत नव्हतं. ढिगात तीन ठिकाणांहून आलेल्या मालाच्या काड्या होत्या आणि टेकू कोणी लावला हेही कोणाला आठवेना. तिने प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून तो मातीत खोचला. शाई उन्हात उडते, पेन्सिल उडत नाही. लिहिलं होतं, 'ना. ना.' नाव नाही. कॉलेजात वाळवलेल्या पानांच्या वहीत ओळख न पटलेल्या नमुन्याखाली ती हेच लिहायची.

दुसऱ्या वर्षी झाड गुडघ्याशी येऊन थांबलं, तरी फळ धरलं. काका म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसरणारं झाड आहे. तिला तिथेच शंका आली. अंथरूण आखूड म्हणून पाय आखूड, की मुळात पायच आखूड? म्हणून तिने काड्या लावून घरी बादल्या भरल्या, तुलनेला साधं अंजीर लावलं आणि एक झाड काकांच्या अंगणात उघड्या जमिनीत लावायला दिलं. चार वर्षांत जमिनीतलं झाड काकांच्या कमरेपर्यंत पोचलं. साधं अंजीर बादलीत असूनही वर्षातून दोनदा छाटावं लागे. म्हणजे पायच आखूड होते. तिने वाळवलेली पानं, फळांची मापं आणि वर्णन अंजिराच्या जातींच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन मोठ्या संग्रहांना पाठवलं. तिन्हीकडून एकच उत्तर आलं, जुळणारी नोंद आढळली नाही.

कोणीही उठून नाव देऊन टाकलं असतं. पण नोंद आढळली नाही याचा अर्थ नाव नाही असा होत नाही. कुठल्यातरी परसात या झाडाला पिढ्यान् पिढ्या एखाद्या नावाने हाक मारत असतील. तिचे शिक्षक म्हणायचे, ज्याचं नाव तुला ठाऊक नाही त्याला नवं नाव देशील तर जुनं पुसशील. हे वाक्य तिच्या मनात खिळ्यासारखं बसलं होतं. लेबलावर 'ना. ना.' तेच राहिलं.

घरात मात्र त्याचं भलतंच झालं. सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. बादल्या आल्या त्या दिवशी कपडे वाळत घालायला त्या गॅलरीत आल्या, वाकून लेबल वाचलं आणि तशाच उभ्या राहिल्या. सासरे जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. सासऱ्यांना घरीदारी सगळे नाना म्हणत.

"अगं, सांगायचं तरी," त्या म्हणाल्या, आणि ओल्या फडक्याने एकेक पान पुसायला लागल्या.

टिंबं त्यांना दिसलीच नव्हती. सून खुलासा करायला तोंड उघडत होती, पण ती पानं पुसण्याची तऱ्हा बघून तिने ते मिटलं. तिला खोटं बोलता येत नसे. गप्प बसणं खोट्यात मोडतं की नाही, याचं माप तिच्या पट्टीवर नव्हतं. पुढे नवऱ्यानेही सूर धरला. तो घरोघर विजेचे मीटर वाचत फिरायचा, जिन्याजिन्यांत लोकांशी बोलायची त्याला सवय लागलेली, आणि घरी बोलायला झाडं होती. "नाना, जरा सरकून घ्या, शर्ट वाळत घालायचाय." सासूबाई रोज संध्याकाळी बादल्यांपाशी स्टुलावर बसून दिवसभराच्या तक्रारी सांगत. एकदा त्या म्हणाल्या होत्या, आता निदान मध्येच उठून तरी जात नाहीत.

थोरले मालक वारले आणि नर्सरी मुलाच्या हाती आली, त्यानंतरची ही गोष्ट. धाकट्या मालकांना तिने अर्ध्या चड्डीत कुंड्या फोडताना पाहिलं होतं. काम असलं की ते तिला मॅडम म्हणत, रागात असले की बाई. एक दिवस तिच्या टेबलावर मोजायला ठेवलेलं फळ त्यांनी सहज तोंडात टाकलं आणि विचारलं, आणखी आहे? आठवड्याभरात काकांना हुकूम सुटला, या झाडाच्या काड्या लावा. चाळीस रोपं तयार झाली. तिला बरंच वाटलं. अभ्यासाला चाळीस नमुने कोणाला मिळतात?

मग छापील लेबलं आली. गुळगुळीत, रंगीत, वर फळाचा फोटो. 'बुटकी मखमली. खात्रीशीर जात.'

मखमली ही नावाजलेली जात होती. तिच्या पानाला पाच कान असतात, बोटांसारखे बाहेर आलेले, याच्या पानाला तीन. तिचं फळ फांदीला चिकटून बसतं, याचं तीन मिलिमीटरच्या देठावर लोंबतं. हे बघायला शास्त्र लागत नाही, चष्मा पुसला तरी पुरतं. ती लेबल घेऊन ऑफिसात गेली.

"मॅडम, गिऱ्हाईक पानाचे कान मोजत नाही," मालक म्हणाले.

"मी मोजते."

"झाड बुटकं आहे, कुंडीत येतं, फळ देतं. नाव काहीही असलं तर काय बिघडलं?"

"काहीही चालत असेल तर मखमलीच कशाला पाहिजे?"

मालकांनी खुर्ची मागे सरकवली. "बाई, बिननावाचं झाड कोण घरी नेतं?"

"मी नेलं."

त्यावर ते हसले, पण डोळे हसले नाहीत. वार्षिक तपासणी गुरुवारी होती. निरीक्षकबाई येऊन एकेका जातीसमोर उभ्या राहत, जबाबदार व्यक्तीने जात सांगायची आणि सही करायची, मगच रोपं विकायची मोकळीक. मालकांनी चाळीसही रोपं गिऱ्हाइकांना आधीच कबूल करून टाकली होती. त्यांनी शांतपणे सांगितलं की बावीस वर्षं खूप झाली, आता आराम केला तरी कोणी नावं ठेवणार नाही, आणि सही करणारं माणूस शोधलं की मिळतं. ती म्हणाली, विचार करून सांगते. बाहेर आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. विचार करण्यासारखं त्यात काय होतं?

खरं तर एक वाट होती. नियमावलीतलं एक कलम तिला पाठ होतं. ज्या झाडाची ओळख पटत नाही त्याची लावणाऱ्याला स्वतः नाव देऊन नवी नोंद करता येते, फक्त तीन वर्षांची मापं आणि मूळ झाड दाखवता आलं पाहिजे. एकदा नोंद झाली की ते झाड दुसऱ्या कुठल्याही नावाने विकणं गुन्हा. तिच्याकडे तीन सोडा, सहा वर्षांची मापं होती. मूळ झाड अजून नर्सरीत त्या लिंबाच्याच कुंडीत उभं होतं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. रकान्यात नाव लिहावं लागणार होतं, आणि नाव लिहिणं म्हणजे पुसणं.

मंगळवारी दुपारी ती घरी पोचली तर मालक बाहेरच्या खोलीत बसलेले. समोर बिस्किटांचा भलामोठा डबा, सासूबाई पलीकडच्या खुर्चीत. मालक फार गोड बोलत होते. सूनबाई हट्टी आहेत, आजी, तुम्ही समजावा. नोकरी हातची जाईल. एका झाडापायी कोणी एवढं करतं का? सासूबाई म्हणाल्या, झाड काय, त्यांच्या नावाचं आहे ते, जिवापाड जपते ती.

मालकांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी गॅलरीतलं एक लेबल उपटून आणलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. "आजी, नीट बघा. मध्ये टिंबं आहेत. ना टिंब, ना टिंब. नाव नाही, असा अर्थ आहे त्याचा. तुमच्या मिस्टरांचं नाव नाही हो दिलेलं. तुम्हाला फसवलंय."

सासूबाईंनी लेबल डोळ्याजवळ नेलं. खिडकीकडे वळून उजेडात धरलं. मग सुनेकडे पाहिलं.

"खरं का गं?"

"खरं आहे, आई."

त्यांनी लेबल टेबलावर ठेवलं, मालकांना म्हणाल्या, डबा घेऊन जा, आमच्याकडे कोणी बिस्किटं खात नाही, आणि आत निघून गेल्या. घरातल्या सगळ्यांनाच बिस्किटं आवडत. त्या संध्याकाळी स्टूल रिकामंच राहिलं. नवऱ्याने दोन्ही खोल्यांतली शांतता पाहिली, मीटर वाचल्यासारखी, आणि स्वतःच भांडी घासायला घेतली.

बुधवारी सकाळी ती बादलीतली माती बोटाने चाचपत होती, तेव्हा स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"चार वर्षं मी याच्याशी बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. "तू ऐकत होतीस."

"हो."

"आणि टिंबांबद्दल एक अक्षर काढलं नाहीस."

"सांगायला हवं होतं. तुम्ही पानं पुसत होतात, म्हणून नाही सांगितलं."

सासूबाईंनी साध्या अंजिराची कठड्याबाहेर गेलेली फांदी आत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "एकोणचाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्याशी. दवाखान्यात कागदावरचं नाव पुकारलं ना त्यांचं, तर मी बसूनच राहिले. नर्स दोनदा ओरडली. मला वाटलं, हा कोण परका माणूस आहे. शेजारपाजारी कोणाला विचार, कोणाला माहीत होतं त्यांचं खरं नाव? आणि म्हणून ते पुसलं गेलं का? राहिलं की कागदावर, आपल्या जागी. नाना हे काय नाव असतं? नाव बाजूला ठेवून माणसाला हाक मारायची असते, तेव्हा नाना म्हणतात."

सुनेचं बोट मातीतच राहिलं.

"मी चुकीचं नव्हतं वाचलं," सासूबाई उठता उठता म्हणाल्या. "तूच फार टिंबं देतेस. आणि त्या अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या पोराला सांग, पुन्हा माझ्या घरात येऊन लेबलं उपटायची नाहीत."

गुरुवारी ती सहाही वर्षांच्या वह्या पिशवीत घालून निघाली. नवऱ्याने दारात विचारलं, काय ठरलं? ती म्हणाली, तिथे बोलीन. तो म्हणाला, बोल बाई एकदा, नाना ताटकळलेत.

नर्सरीत चाळीस कुंड्या दोन ओळींत मांडल्या होत्या, प्रत्येकीत रंगीत मखमली चमकत होती. तिने प्रत्येक कुंडीत खोचलेली पेन्सिलीची लेबलं कुठेच दिसेनात. काका शेजारी येऊन कात्री पुसत राहिले आणि ओठ न हलवता म्हणाले, "काढून टाका म्हणाले. मी काढली नाहीत. खाली दाबली. कुंडीतच आहेत, मातीत." मग रंगीत लेबलांकडे हनुवटीने खूण करून, "नाव मोठं, लक्षण खोटं."

निरीक्षकबाई अकरा वाजता आल्या. सकाळपासूनची ही त्यांची तिसरी नर्सरी होती आणि चिखलाने बूट जड झाले होते. गुलाब झाले, लिंबं झाली, पेरू झाले. ती जात सांगत गेली, सही करत गेली. अंजिरापाशी आल्यावर मालक एक पाऊल पुढे झाले.

"बुटकी मखमली. चाळीस."

"मी त्यांना विचारलं," निरीक्षकबाई न बघता म्हणाल्या. "जबाबदार व्यक्ती त्या आहेत ना? जात?"

"मखमली नाही," ती म्हणाली.

मालक हलक्या आवाजात म्हणाले की बाईंची तब्येत सध्या बरी नसते. तिने खिशातून पट्टी काढली, एक पान खुडलं आणि निरीक्षकबाईंच्या फळीवर ठेवलं. देठातून पांढरा चीक आला तो तिने अंगठ्याने टिपला. पानाचे कान तीन. फळाचा देठ तीन मिलिमीटर. पेर अकरा, कुंडीत आणि जमिनीतही आखूडच, जमिनीतलं झाड काकांच्या अंगणात कधीही बघता येईल. तिचा आवाज चढला नाही. तिने बावीस वर्षं मापं ज्या आवाजात सांगितली होती त्याच आवाजात हीही सांगितली, एवढंच की या वेळी थांबली नाही.

"बाई," मालक म्हणाले, "बावीस वर्षांचा विचार करा."

"केला. नोकरी तुमची आहे, साहेब. ठेवायची तर ठेवा, काढायची तर काढा. सही माझी आहे."

निरीक्षकबाईंनी पहिल्यांदाच बुटांवरून नजर काढली. पान हातात घेतलं, कान मोजले, लेबलावरच्या फोटोत मोजले. मग म्हणाल्या की मखमली तर हे नाही, हे दिसतंच आहे. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. जात सांगता येत नसेल तर चाळीसही रोपं आजच उपटावी लागतील.

"नवी नोंद करा," ती म्हणाली. "लावणाऱ्याने दिलेल्या नावाने. तसं कलम आहे." तिने पिशवीतून वह्या काढल्या आणि एकावर एक कठड्यावर रचल्या. "सहा वर्षांची मापं. मूळ झाड ते बघा, तिथे, लिंबाच्या कुंडीत. टेकू होतं ते."

निरीक्षकबाईंनी वरची वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. आकड्यांच्या ओळी सरळ खाली गेल्या होत्या, एकही खाडाखोड नव्हती. मालकांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी पेन वर धरला, थांबा अशा अर्थी, आणि नवा फॉर्म काढला.

ती वाकली. पहिल्या कुंडीच्या मातीत दोन बोटं घालून चाचपलं आणि आपलं लेबल वर ओढलं. माती झटकली. पेन्सिल शाबूत होती. निरीक्षकबाईंनी मान तिरकी करून वाचलं.

"हे काय? ना, ना? हे नाव आहे की खूण?"

इतकी वर्षं या प्रश्नाला तिच्याजवळ एकच उत्तर होतं, खूण; पण नाना म्हटल्याने सासऱ्यांचं कागदावरचं नाव पुसलं गेलं नव्हतं, मग झाडाचंही जाणार नव्हतं. तिने अंगठा ओला केला आणि लेबलावरची टिंबं पुसली, आधी एक, मग दुसरं.

"नाव आहे," ती म्हणाली. "लिहा, नाना."